मुके झालेले अरण्य

जगाच्या नकाशावर पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागात, फिलिपाइन्सच्या पूर्वेस व जपानच्या दक्षिणेस, मोहरीच्या दाण्यांसारखे काही ठिपके दक्षिणोत्तर एका ओळीत मांडलेले दिसतात. ती मेरिआना द्वीपमाला होय. या मालेतील सर्वांत दक्षिणेकडचे व सर्वांत मोठे बेट म्हणजे ग्वाम. त्याची लांबी सुमारे ४८ किलोमीटर असून क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे विस्ताराने ते आपल्या बृहन्मुंबईच्या जवळपास भरेल. तेथील मूळ रहिवाशांना चामोरो म्हणतात. सुमारे तीन शतके स्पेनच्या सत्तेखाली राहून हे बेट १८९८ साली अमेरिकेकडे आले. १९४१च्या डिसेंबरात जपानने ते जिंकले आणि १९४४च्या उन्हाळ्यात अमेरिकेने परत घेतले. भूगोलाच्या पुस्तकात त्याला फार तर एक ओळ मिळते. तरीपण प्राणिशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना हे बेट जेवढे शिकविते तेवढे मोठमोठे देशही शिकवीत नाहीत, म्हणून या वर्षीच्या अंकात विद्यार्थ्यांसाठी त्याची हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

आपल्या शाळेच्या पटांगणात पहाटे येऊन उभे राहिले तर काय ऐकू येते हे वसतिगृहातील मुलांना सांगावयास नकोच. कावळे, साळुंक्या, पोपट, बुलबुल, आणि दयाळ! या गलक्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की तो आपण ऐकतच नाही. ग्वामच्या रानात अशाच पहाटे उभे राहिले तर वाऱ्याने हलणाऱ्या पानांचा आवाज येतो, किड्यांची किरकिर येते, आणि त्यापलीकडे जवळजवळ काहीच येत नाही. झाडे आहेत, फळे आहेत, ऊनपाऊस आहे. परंतु पाखरू नाही. हे रान नेहमीच असे मुके नव्हते. आज तेथे सत्तरीत असलेल्या मनुष्याने आपल्या बालपणी त्यात पक्ष्यांचा कलकलाट ऐकलेला आहे.

रानात राहणारे स्थानिक पक्षी तेथे मुख्यतः बारा जातींचे होते. त्यांत निळ्या पाठीचा व तांबूस अंगाचा एक खंड्या होता. त्याला चामोरो भाषेत सिहेक म्हणतात. आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला पण उडता न येणारा, जमिनीवरून तुरुतुरु पळणारा कोको होता. पंख्यासारखी शेपटी फुलविणारा नाचण होता, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला इवलासा चष्मेवाला होता, जगात इतरत्र कोठेही नसलेला एक माशीमार होता, फळे खाणारी कबुतरे होती, कावळाही होता. या बारांपैकी दहा जाती त्या रानातून नाहीशा झाल्या. उरल्या त्या दोन: साळुंकीच्या कुळातील साली नावाचा पक्षी, जो आता बहुधा वस्तीच्या आश्रयाने राहतो, आणि गुहेच्या अंधारात घरटे करणारी एक पाकोळी. ना वणवा लागला, ना ज्वालामुखी फुटला, ना कोणी बंदुका घेऊन शिकारीस निघाले. हे सर्व एका सापाने केले.

हा साप फार भयंकर असेल अशी कोणाची कल्पना झाली असल्यास ती प्रथम दूर केली पाहिजे. तो बारीक अंगाचा, तपकिरी रंगाचा, झाडावर राहणारा व रात्री हिंडणारा साप आहे. लांबी बहुधा एक ते दोन मीटर. क्वचित तीन मीटरपर्यंतही भरते. डोके मानेपेक्षा रुंद, डोळे मोठे आणि बाहुली मांजरासारखी उभी. विषाचे दात तोंडाच्या मागील बाजूस असतात व विष सौम्य असते. शास्त्रीय भाषेत त्याच्या प्रजातीला बॉयगा म्हणतात. याच प्रजातीचा एक साप आपल्या महाराष्ट्रातही सर्वत्र आढळतो व त्याच्या डोळ्यांवरून आपण त्याला मांजऱ्या म्हणतो. मांजऱ्या दिसण्यात बराचसा फुरशासारखा असल्यामुळे बिचाऱ्याला विनाकारण मार खावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी घराच्या वळचणीत निघालेला असाच एक साप आजोबांनी काठीने मारला आणि मग शेजारच्या जाणत्या धनगराने पाहून सांगितले, ‘‘बाबा, हे फुरसं नव्हं, मांजऱ्या हाय.’’ आजोबा त्या दिवशी जेवताना फारसे बोलले नाहीत.

असो. ग्वामवरील तपकिरी वृक्षसर्प हा या मांजऱ्याचाच चुलतभाऊ. त्याचा मूळ देश म्हणजे ऑस्ट्रेलियाचा उत्तर व पूर्व किनारा, न्यू गिनी, सॉलोमन बेटे व इंडोनेशियाची पूर्वेकडील काही बेटे. त्या त्या ठिकाणी तो हजारो वर्षे राहत आला आहे व तेथील पाखरेही सुखाने नांदत आहेत. ग्वामवर मात्र साप म्हणून जो काही होता तो एवढाच, की कुंडीतल्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा, आंधळा वाळा. आपल्या बागेत पावसाळ्यात निघतो तोच हा. वाळ्याच्या जातीत नर नसतातच. एकटी मादी कुंडीबरोबर कोठेही गेली तरी पुढे वंश चालविते, आणि म्हणून तो अर्ध्या जगभर पसरला आहे. परंतु तो खातो मुंग्यावाळव्यांची अंडी. त्याच्यापासून पाखराला भय नाही.

आता हा वृक्षसर्प ग्वामला आला कसा? दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या उत्तरेस असलेल्या मॅनस नावाच्या बेटावर अमेरिकेच्या आरमाराचा मोठा तळ होता. युद्ध संपले, तळ मोडला, आणि तेथे साठलेले युद्धसाहित्य गोळा करून सुमारे १,७०० किलोमीटर दूर असलेल्या ग्वामकडे जहाजांनी हलविण्यात येऊ लागले. रानाच्या कडेला महिनोन् महिने पडून राहिलेल्या खोक्यांत, यंत्रांच्या पोकळ्यांत व गाड्यांच्या सांगाड्यांत दिवसा अंग चोरून बसणे हा तर या सापाचा स्वभावच. तो काही आठवडे अन्नाशिवाय सहज राहू शकतो. अशा सामानातून थोडे साप ग्वामच्या बंदरात उतरले असावेत असे अभ्यासकांचे मत आहे, व पुढे ग्वाममधील सापांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना केली असता त्यांचे नाते मॅनसच्या सापांशीच जुळले.

हा पाठ वर्गात चालू असता आठवीतील एका मुलाने उभे राहून विचारले, ‘‘सर, एवढी मोठी फौज होती, पहारे होते, दुर्बिणी होत्या, मग कोणालाच साप कसा दिसला नाही?’’ प्रश्न योग्य होता. पहारा होता तो विमानांवर, पाणबुड्यांवर व शत्रूवर. ज्याच्यापासून धोका आहे असे आपणांस ठाऊक असते त्याच्यावरच आपण नजर ठेवतो. खोक्यातून निघून झुडपात शिरलेला हातभर साप कोणी पाहिलाच असेल तर त्याने ती गंमत संध्याकाळी मित्रांना सांगितली असेल, एवढेच.

१९५०च्या सुमारास व त्यानंतरच्या थोड्या वर्षांत बंदराच्या आसपास हे साप लोकांच्या दृष्टीस पडू लागले. तेथून ते वर्षाला थोडेथोडे असे पुढे सरकत गेले, आणि १९६८च्या सुमारास बेटाच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचले. याच काळात दक्षिणेकडील रानांतून पाखरे कमी होत चालली. प्रथम कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे मध्यभागातूनही ती गेली. १९८०च्या सुमारास उत्तरेकडील कड्याखालच्या एका रानाच्या पट्ट्यात तेवढी सर्व जातींची पाखरे एकत्र उरली होती, आणि तोही पट्टा दरवर्षी आकसत होता.

तेव्हा कारणाचा शोध सुरू झाला. कोणी म्हणाले, युद्धानंतर डासांसाठी फवारलेल्या डी.डी.टी.ने पाखरे मेली. कोणी म्हणाले, बाहेरून आणलेल्या कोंबड्यांबरोबर एखादी साथ आली असेल; हवाई बेटांत डासांमुळे पाखरांना हिवताप झाल्याचे उदाहरण समोर होतेच. कोणी वादळांना दोष दिला, कोणी शिकाऱ्यांना, कोणी उंदरांना. सापाचे नाव घेणाऱ्याला मात्र विद्वान मंडळींत फारसा मान मिळेना. याचे कारण असे, की एका सापाने एखाद्या बेटावरील सर्व पाखरे खाऊन टाकल्याचे उदाहरण तोपर्यंत जगात कोठेच नमूद नव्हते. जे पूर्वी घडले नाही ते आताही घडणार नाही, ही समजूत शिकलेल्यांतही फार खोल असते.

१९८२ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची ज्यूली सॅव्हिज नावाची एक विद्यार्थिनी या प्रश्नावर काम करू लागली. तिची पद्धत आमच्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिने कोणतेच कारण आधी गृहीत धरले नाही व कोणतेच आधी टाकूनही दिले नाही. पाखरांची व त्यांच्या रक्ताची तपासणी केली; साथीची चिन्हे आढळली नाहीत. विषारी औषधांचाही पुरावा मिळेना. मग तिने बेटावरील रहिवाशांना विचारले, ‘तुमच्या भागात हा साप पहिल्याने केव्हा दिसला? पाखरे केव्हा दिसेनाशी झाली?’ त्यांच्या उत्तरांतून निरनिराळ्या भागांची सनावळी तयार झाली आणि दोन नकाशे एकावर एक ठेवावेत तशी ती जुळली. जेथे साप आधी पोहोचला तेथली पाखरे आधी गेली; जेथे शेवटी पोहोचला तेथली शेवटी गेली. ग्वामच्या दक्षिण किनाऱ्याजवळ कोकोस नावाचे चिमुकले बेट आहे. तेच वारे, तोच पाऊस, तेच डास. परंतु साप नव्हता, आणि तेथे पाखरे होती. शेवटी तिने रानांत लावे ठेवलेले पिंजरे टांगले. पाखरे संपलेल्या रानांत त्यांतील बहुतेक लावे थोड्याच रात्रींत सापांनी गिळले. हा सर्व पुरावा तिने १९८७ साली प्रसिद्ध केला. ज्या शेतकऱ्यांच्या खुराड्यांतून कोंबडीची पिल्ले नाहीशी होत होती त्यांना यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल वाटले ते शास्त्रज्ञांना.

येथे दोन गोष्टींचा खुलासा केला पाहिजे; कारण त्यांवाचून ही हकीकत म्हणजे नुसती गोष्ट होईल, शास्त्र होणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, पाखरांनी स्वतःचे रक्षण का केले नाही? आपल्याकडील सुगरण पाहा. ती विहिरीवर लोंबणाऱ्या बाभळीच्या काटेरी फांदीच्या अगदी टोकाला, खाली तोंड केलेले घरटे विणते. हे कौशल्य हौसेखातर आलेले नाही. अगणित पिढ्या सापांच्या शेजारी राहण्याची ती किंमत आहे. साळुंक्यांच्या झाडावर साप चढला की त्या केवढा कल्ला करतात हे सर्वांनी ऐकलेच असेल. ग्वामच्या पाखरांना हे काही ठाऊकच नव्हते. झाडावर चढून रात्री घरट्यात तोंड घालणारा शत्रू त्यांच्या पूर्वजांनी कधी पाहिलाच नव्हता. ती उघड्यावर घरटी करीत, सोयीच्या फांदीवर झोपत, आणि अंधारात जवळ येणाऱ्या सापापासून दूर उडत नसत. शिवाय सापाला खाणारे असे तेथे फारसे कोणी नव्हते. आपल्याकडे मांजऱ्याच्या मागे मुंगूस आहे, घुबड आहे, सर्पगरुड आहे. न्यू गिनीतही त्या सापाला असे वाटेकरी आहेत. ग्वामवर तो आला तो भरल्या कोठारात, आणि राखणदार कोणीच नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. रानात शिकारी व शिकार यांचा एक हिशेब असतो. हरणे कमी झाली की वाघ उपाशी राहतात, वाघ कमी होतात, आणि हरणांना पुन्हा उसंत मिळते. मग ग्वामवर पाखरे कमी झाल्यावर साप का कमी झाले नाहीत? कारण साप केवळ पाखरांवर जगत नव्हते. बेटावर पाली व सापसुरळ्या विपुल होत्या. त्यांतही एक सापसुरळी बाहेरूनच आलेली व भराभर वाढणारी होती. सापांची पिल्ले या पालींवर वाढत. मोठे साप पाखरे, अंडी, उंदीर जे सापडेल ते खात व काहीच न सापडल्यास पुन्हा पालींवर येत. याप्रमाणे पालींनी सापांचे रोजचे पोट भागविले, आणि म्हणून शेवटचे पाखरू संपेपर्यंत साप उपाशी मेला नाही. १९८०नंतरच्या त्या वर्षांत काही रानांमध्ये एका हेक्टरात, म्हणजे सुमारे अडीच एकरांत, पन्नास ते शंभर साप असल्याचा अंदाज आहे. आपल्या शाळेच्या आवारात तेवढे साप रोज रात्री झाडांवर हिंडत आहेत अशी कल्पना करावी!

लहान पाखरे प्रथम संपली, कारण मोठे पाखरूही अंडेही पिल्लूही सापाच्या तोंडात मावत असे. १९८४च्या सुमारास चष्मेवाला, नाचण व माशीमार हे तिघेही बेटावरून गेले. त्यांपैकी माशीमार दुसरीकडे कोठेच नव्हता. तो जगातूनच गेला. कावळ्याची हकीकत निराळी व अधिक करुण आहे. पूर्ण वाढलेला कावळा सापाला गिळण्यास जड; शिवाय तो दीर्घायुषी. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे कावळे दिसत राहिले. ते जोडीने घरटी बांधीत, अंडी घालीत, आणि ती घरटी रिकामी होत. वरून पाहणाऱ्याला कावळे आहेत असे वाटे. प्रत्यक्षात ती वृद्धांची वस्ती होती. एकेक करून तेही गेले. ही जात आता उत्तरेकडील रोटा बेटावर तेवढी थोड्या संख्येने उरली आहे.

पाखरे गेल्यावर रानाचे काय झाले? ग्वाममधील बहुसंख्य झाडांच्या बिया पाखरे व वटवाघळे फळे खाऊन दूर नेऊन टाकीत. आता फळ पिकते, झाडाखालीच पडते व तेथेच कुजते. रोपे उगवली तरी आईच्या सावलीत खुरटतात. किडे व कोळी खाणारे कोणी राहिले नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की पावसाळ्यात ग्वामच्या रानांतील कोळ्यांची संख्या शेजारच्या बेटांच्या चाळीस पटींपर्यंत जाते. रानवाटेने चालणारा पुढे काठी फिरवीत जाळी तोडीत चालतो. एक साप आला आणि कोळ्यांची जाळी वाढली, हा कार्यकारणभाव घरी बसून कोणाला सुचला असता?

मनुष्यालाही त्रास झाला, पण तो येथे थोडक्यात सांगतो. साप विजेच्या खांबांवर चढतात व दोन तारांना एकदम स्पर्श झाला की स्वतः जळून वीज बंद पाडतात. १९७८ ते १९९७ या काळात अशा प्रकारे वीज जाण्याचे १,६००हून अधिक प्रसंग नोंदले गेले. रात्री घरांत शिरून त्यांनी झोपलेल्या तान्ह्या मुलांना चावे घेतल्यामुळे काही बालकांना इस्पितळात न्यावे लागले. कोंबड्या पाळणे अनेकांना सोडावे लागले.

उपायांच्या बाबतीत मनुष्याची कल्पकता व सापाची कल्पकता यांची जणू शर्यतच लागली आहे. बंदरांत व विमानतळांवर बाहेर जाणारा माल टेरियर जातीच्या लहान कुत्र्यांकडून हुंगविला जातो. कुंपणांवर सापळे टांगतात. आत जाळीच्या निराळ्या कप्प्यात जिवंत उंदीर खाण्यापिण्याच्या सोयीसह सुरक्षित बसलेला असतो व त्याच्या वासाने आलेला साप अडकतो. पुढे असे आढळले की, ताप उतरण्यासाठी आपण घेतो ते पॅरासिटामॉल नावाचे औषध या सापाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट करते. अवघे ८० मिलिग्रॅम, म्हणजे तान्ह्या मुलास देतात एवढी मात्रा, त्याला मारण्यास पुरते. तेव्हा मेलेल्या उंदराच्या पिल्लात ती गोळी घालून, त्याला पुठ्ठा व कागदी झिरमिळी बांधून, हेलिकॉप्टरमधून रानावर टाकू लागले. झिरमिळी झाडाच्या शेंड्यात अडकते व आमिष जमिनीवर न पडता सापाच्या वाटेवर लोंबत राहते. १ डिसेंबर २०१३ रोजी अशी २,००० आमिषे एका विमानतळाच्या परिसरातील रानावर टाकण्यात आली. (आमच्या काही उत्साही विद्यार्थ्यांनी घरच्या औषधांच्या पेटीकडे पाहू नये. आपल्या अंगणातील साप आपल्या अंगणाचेच रहिवासी आहेत, व कायदाही त्यांचे रक्षण करतो.)

सापाचीही बाजू ऐका. साली पक्ष्यांसाठी खांबांवर लावलेल्या घरट्याच्या पेट्यांना साप पोहोचू नये म्हणून खांबाभोवती गुळगुळीत पत्र्याची रुंद नळी बसविली होती. रात्रीच्या छायाचित्रणात अभ्यासकांना दिसले की सापाने आपल्या शरीराचाच फास करून त्या नळीभोवती टाकला, आणि फासाच्या लहान लहान मुरडींनी तो इंच इंच वर चढू लागला. कोकणात माडावर चढणारा गडी पायांत दोरीचा फास अडकवितो, तसाच हा प्रकार. फक्त येथे दोरीही तोच व गडीही तोच. त्याला यात फार श्रम पडत होते, वारंवार थांबावे लागत होते, घसरतही होता. पण तो चढत होता. सर्पांच्या चालण्याची ही तऱ्हा तोपर्यंत शास्त्राला अज्ञात होती. २०२१च्या जानेवारीत हा शोध प्रसिद्ध झाला व शोधकांत ज्यूली सॅव्हिज यांचेही नाव होते. विद्यार्थिनी म्हणून हाती घेतलेल्या सापाने त्यांना जवळजवळ चाळीस वर्षांनी पुन्हा एक नवा धडा दिला.

या सर्व उपायांनी काही रानांतील साप कमी झाले आहेत. परंतु बेटावर ते अद्याप लाखोंच्या संख्येने आहेत. इतर बेटांनाही भय आहेच. १९८१ ते १९९८ या काळात हवाईमधील ओआहू बेटावर विमानांबरोबर आलेले असे सात-आठ साप सापडले. ते वेळीच सापडले म्हणून तेथील पाखरे वाचली. प्रवासी प्राणी काही सापच असतात असे नाही. आपल्या कुंपणावर मान हलविणाऱ्या सरड्याच्या जातीनेही असाच प्रवास केला आहे. ज्या मॉरिशस बेटावर आपले मराठी बांधव गेली दीडशेहून अधिक वर्षे नांदत आहेत तेथे तो आज घरोघरच्या बागेत दिसतो, पण तो मूळचा तेथला नव्हे.

आता उरलेल्या पाखरांविषयी. १९८०नंतर, सर्व संपत आले असे दिसताच, तेथील वन्यजीव खात्याच्या लोकांनी हाती लागतील तेवढे कोको व सिहेक पकडून पिंजऱ्यांत नेले. कोको सुमारे एकवीस मिळाले, सिहेक तीसही मिळाले नाहीत. सिहेकांना अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत पाठविण्यात आले. १९८८ नंतर रानात सिहेक कोणाला दिसला नाही. ज्या जातीचा प्रत्येक जीव माणसाच्या हातून दाणापाणी घेतो अशा स्थितीत तिची अनेक पिढ्यांची पैदास करणे किती जिकिरीचे असते हे कबुतरे पाळणाऱ्या मुलांनाच थोडेफार कळेल. मूठभर पाखरांत भाऊबहिणींची जोडी लागू नये म्हणून वंशावळीच्या वह्या ठेवाव्या लागतात, अंडी यंत्रात उबवावी लागतात, पिल्लांना चिमट्याने भरवावे लागते.

कोकोने चांगली साथ दिली. साप नसलेल्या रोटा बेटावर त्याला वसविण्यात आले, आणि २०१० साली कोकोस बेटावरही सोडण्यात आले. २०१९ साली जागतिक यादीतील ‘रानातून नाहीसा’ या सदरातून त्याचे नाव काढून ‘अत्यंत संकटग्रस्त’ या सदरात घालण्यात आले. ही बढती ऐकण्यास चमत्कारिक वाटली तरी तोपर्यंत जगात एकाच दुसऱ्या पक्ष्याला, कॅलिफोर्नियाच्या गिधाडाला, ती मिळाली होती. परंतु पुढच्याच वर्षी, २०२० साली, ज्या कोकोस बेटाने सॅव्हिजबाईंना पुरावा दिला होता त्याच बेटावर तपकिरी वृक्षसर्प सापडले. ग्वामचा किनारा तेथून दिसतो व मधले पाणी उथळ आहे. होडीतून आले की पोहून आले हे सापाने कोणास सांगितलेले नाही. तेव्हापासून तेथे रात्री डोक्याला दिवे बांधून माणसे झुडपे तपासीत हिंडतात.

सिहेकासाठी मग फार दूरचे स्थळ निवडले गेले. हवाईच्याही दक्षिणेस, ग्वामपासून हजारो किलोमीटरांवर, पाल्मिरा नावाचे प्रवाळबेट आहे. तेथे कायमची मनुष्यवस्ती नाही, साप नाहीत, आणि उंदीर होते तेही २०११ साली काढून टाकण्यात आले आहेत. २०२४च्या सप्टेंबरात तेथील रानात नऊ तरुण सिहेक सोडण्यात आले. या नवांपैकी एकानेही, किंवा त्यांच्या आईबापांनीही, उभ्या जन्मात रान पाहिलेले नव्हते. किडा कसा पकडावा, सरडा कसा मारावा, कुजक्या खोडात चोचीने बीळ कसे कोरावे, हे दाखविण्यास तेथे कोणी वडीलधारे नव्हते. ते त्यांनी केले. दुसऱ्या वर्षी, २०२५ साली, त्यांच्या घरट्यांत अंडी दिसली. पहिलटकर जोडप्यांची पहिली अंडी बहुधा उबत नाहीत हे माहीत असल्यामुळे रक्षकांनी फार आशा धरली नव्हती. त्यांनी नोंदवहीत तारीख लिहिली आणि झाडापासून दूर जाऊन उभे राहिले.